डावीकडे योहानेस

"मीठदाणी म्हणजे एलंड," गेर्ट म्हणाला आणि ती त्याने टेबलाच्या मधोमध सरकवली.

"आणि मिरपूड?" आबांनी विचारलं.

"त्याच्या बायका. सात-आठ तरी असतील."

"मग बिचारा स्वतःच गोळी मागायला येईल," आबा म्हणाले.

गेर्ट हसला. नामिबियातल्या त्याच्या फार्मवर आम्ही त्याच दिवशी सकाळी पोचलो होतो. जेवणं उरकली होती. पत्र्याचा लांब व्हरांडा, समोर कमरेएवढं पिवळं गवत, मधूनमधून काटेरी झुडपं, आणि सगळ्यावर जूनमधलं म्हणजे तिथल्या हिवाळ्यातलं पांढरं ऊन. गेर्ट त्या जमिनीचा मालक आणि परदेशी पाहुण्यांना रीतसर परवान्यावर शिकारीला नेणं हा त्याचा धंदा. व्हरांड्याच्या खांबाला टेकून त्याचा माग काढणारा माणूस, योहानेस, संत्रं सोलत उभा होता. आबांना तो पहिल्या भेटीपासून 'ओउपा' म्हणत होता. त्यांच्या बोलीत ओउपा म्हणजे आजोबा.

आपल्याकडे शिकार बंद झाली तेव्हा माझे वडील, म्हणजे आबा, तिशीतही नव्हते. तेव्हापासून त्यांच्या मनात हे होतं. ऊस, पेट्रोल पंप, माझं शिक्षण, माझ्या नेमबाजीच्या स्पर्धा, सगळं आधी, आणि मग कधीतरी आफ्रिका. सिंह-बिबटे नको होते त्यांना. एलंड हवा होता. हरणांच्या जातीत सगळ्यांत मोठा, खिलार बैलाहून उंच, म्हशीहून जड, गळ्याखाली लोंबती कातड्याची पोळी आणि कपाळावर काळ्या केसांचा झुपका.

"तो दिसायच्या आधी ऐकू येतो," गेर्ट म्हणाला. "चालताना त्याचे गुडघे वाजतात." त्याने दोन चमचे एकमेकांवर आपटले. टक. टक. "झुडपात हा आवाज आला की हलायचं नाही."

मग त्याने बेत मांडला. काडेपेटी म्हणजे आबा. ती कोरड्या नदीच्या काठावर. काटा म्हणजे गेर्ट, काडेपेटीच्या उजवीकडे. पहाटे कळप पाणी पिऊन दाट झुडपात शिरतो, ते झुडूप म्हणजे पावाची टोपली. एक चमचा उचलून त्याने टोपलीला डावीकडून लांब वळसा घातला.

"हा योहानेस. तो वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहील. त्याचा वास लागला की कळप उठेल. धावणार नाही, सरळ आपल्याकडे चालत येईल. योहानेस त्यांच्या मागून, गवतातून, डावीकडे परत येईल."

"म्हणजे हाकाच की," आबा मला मराठीत म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली गेला होता.

"आणि तुम्ही तिकाटण्यावर बंदूक टेकवून गोळी घालाल," गेर्ट म्हणाला. कोपऱ्यात तीन काठ्या एकत्र बांधून ठेवल्या होत्या, त्यांच्याकडे त्याने बोट दाखवलं.

"काठ्या नकोत. माझी मुलगी आहे."

गेर्टला कळलं नाही. आबांनी त्याला त्यांच्या ऐटबाज इंग्रजीत समजावलं: आमच्या घरात बंदूक पोराच्या खांद्यावरून चालते. माझे वडील माझ्या खांद्यावरून मारायचे, मी हिच्या. ही पुढे उभी राहील, नळी हिच्या डाव्या खांद्यावर, माझा हात हिच्या खांद्याला धरून.

"माझ्या जमिनीवर नळीच्या पुढे फक्त जनावर असतं," गेर्ट म्हणाला.

"ही लहानपणापासून जनावरच आहे."

योहानेस खो खो हसला. मीसुद्धा हसले. गेर्ट मात्र माझ्याकडे बघत होता. मी नको म्हणावं अशी त्याची इच्छा असावी. मी मीठदाणीशी चाळा करत राहिले.

"आधी निशाणा बघू," तो शेवटी म्हणाला. "मग बोलू."

आबांनी काडेपेटी उचलायला हात पुढे केला आणि शेजारचा चहाचा कप लवंडला. भरलेला. बेत सगळा भिजला.



असं होईल:

पहाट असेल. मी पुढे, आबा मागे. खांद्यावर लोखंड. गार. त्याचं तोंड माझ्या कानाच्या हातभर पुढे, म्हणजे बार माझ्या कानातच होईल. कानात कापूस आणि मेण. तरीही.

मी बारा वर्षांची असताना उसात शिरलेल्या डुकरावर आबांनी पहिल्यांदा माझ्या खांद्यावरून गोळी घातली होती. मी ओरडले होते आणि माझं ओरडणं मला ऐकू आलं नव्हतं.

मी श्वास धरीन. आबा माझ्या श्वासाची वाट बघतील. मी हलले तर नळी हलेल. नळी हलली तर.

टक. टक.

कान खाजला तर. मुंगी चढली तर. आबांना शिंक आली तर. एलंड आला आणि मी मागे वळून

इथे बेत थांबायचा. प्रत्येक वेळी इथेच. मी सत्तावीस वर्षांची होते, पन्नास मीटरवर राष्ट्रीय पदकं होती माझ्याकडे, आणि बंदुकीच्या पुढच्या बाजूला उभं राहायची नुसती कल्पनाही मला शेवटपर्यंत करवत नव्हती. पण बाप म्हणतो ती जागा. ती सोडायची कशी?



ऊन जरा उतरल्यावर आम्ही जीपमधून निघालो. एका वारुळाला पुठ्ठ्याचा खोका बांधला होता, त्यावर कागदी निशाण. शंभर मीटरवर एक मोडकं टेबल आणि वाळूची पिशवी. बंदूक गेर्टची, जड, एलंडला लागते तशी.

उतरताना गेर्टने आबांना हात दिला. आबांनी तो घेतला नाही, आणि पायरी चुकून जवळजवळ पडलेच. मी मनात म्हटलं, ताठा. साठी उलटली तरी ताठा जात नाही.

ते टेबलाशी बसले. पहिला बार. दुसरा. तिसरा. घाई नाही, थरथर नाही. गेर्ट दुर्बिणीला डोळा लावून होता. त्याने शीळ घातली.

"बघ," त्याने दुर्बीण माझ्याकडे दिली.

तिन्ही भोकं एकमेकांत शिरली होती. एका बोटाखाली झाकली गेली असती. मी स्वतः रोज सराव करून अशी मारायला धडपडायची. आबांनी अनोळखी बंदुकीने, पहिल्या बैठकीत मारली.

"अशा माणसाला मी नाही कसं म्हणणार?" गेर्ट म्हणाला. "खांद्यावरून मारा. पण आधी मला एकदा करून दाखवा. मी जीपमधून पाणी घेऊन येतो, तोवर थांबा."

जीप मागे झाडाखाली होती. तो गेला. योहानेस आमच्या शेजारून निघाला, आबांना हात केला, आणि कागद आणायला वारुळाकडे चालू लागला. खाकी शर्ट, खाकी टोपी, ओठांत सिगारेट.

"ये," आबा म्हणाले. "उगंच त्याची वाट कशाला बघायची? उभं राहून तरी बघू."

मी पुढे जाऊन उभी राहिले. कानात बोळे घातले. नळी खांद्यावर आली. आबांचा डावा हात माझ्या खांद्याला बसला, अंगठा मानेपाशी, बोटं गळपट्टीच्या हाडावर, अगदी उसातल्या त्या संध्याकाळसारखा.

"थरथरतीस कशाला गं?"

"नाही थरथरत."

"मग भूकंप झाला म्हणायचा."

बोळ्यांतूनही मला बोल्ट पुढे सरकल्याचा खटका ऐकू आला. म्हणजे आत काडतूस होतं. मी म्हणणार होते, गेर्टने थांबायला सांगितलंय. तेवढ्यात डावीकडे गवत वाजलं.

नळी माझ्या खांद्यावरून सरकली. डावीकडे. आबांचा हात मला त्या बाजूला वळवत होता, हळू, बरोबर, जसं जनावराकडे वळवतात तसं.

"वैजू," आबा कानाशी कुजबुजले. "गवतात काहीतरी तपकिरी हलतंय. डुक्कर हाय का गं?"

मी बघितलं. समोर योहानेस होता. उघड्या उन्हात, कमरेपर्यंत गवतात, खाली मान घालून हातातला कागद बघत येत होता.

नळीच्या टोकाशी तो.

मी दोन्ही हातांनी नळी धरली आणि वर ढकलली. गरम होती. "आबा, योहानेस आहे तो."

"तो कसा असंल? तो इथं मागं उभा हाय."

"तो आत्ता आपल्या शेजारून गेला. तुम्हाला हात केला त्यानं."

"कधी?"

मी वळले. बंदूक त्यांच्या हातातून काढून घेतली. त्यांनी घेऊ दिली. आयुष्यात पहिल्यांदा.

योहानेस आला. त्याला काहीच कळलं नव्हतं. "ओउपा, हा कागद मी घरात लावणार," तो म्हणाला. "बायकोला सांगणार, मीच मारलं." आणि कागद आबांच्या हातात देऊन तो गेर्टला हाक मारत जीपकडे गेला.



असं होईल:

पहाट. नदी. टक, टक. कळप समोरून. योहानेस डावीकडून गवतातून परत. त्याच्या हातातली काठी झुडपाला लागेल. टक. आबांचा हात मला वळवेल. आबा विचारतील, हाय का गं. आणि त्या वेळी मी एलंडकडे बघत असेन. आणि मी म्हणेन



"डोळ्यांना काय झालंय?" मी विचारलं.

"डोळ्यांना काय धाड भरलीय? तीन भोकं बघितलीस न्हवं?"

"बघितली. तुम्ही योहानेस बघितला का?"

आबा टेबलाशी बसले. हातातल्या कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"पाइपातनं बघितल्यासारखं दिसतंय," ते म्हणाले. "समोरचं लख्ख. मुंगीचा पाय दिसंल. कडंचं न्हाई, मघाशी नुसतं तपकिरी काहीतरी हललं एवढंच कळलं. कप दिसत न्हाई, पायरी दिसत न्हाई. अंधार पडला की काहीच न्हाई."

"कधीपासून?"

"तू शाळेत हुतीस."

रात्री गाडी चालवायची सोडली होती त्यांनी. आम्हाला वाटायचं, ड्रायव्हर ठेवायची हौस. लग्नात ओळखीचे लोक शेजारून गेले तरी आबा बोलायचे नाहीत. लोक म्हणायचे, पंप झाल्यापासून शिष्ट झाले.

"आईला?"

"तिला वाटतंय मी म्हाताऱ्यावानी धडपडतोय. वाटू दे."

"आणि हे माहीत असून तुम्ही इथं आलात. बंदूक घेऊन. माणसांत."

"तू हायस की पुढं."

"मी पुढं असून काय होणार?"

ते वारुळाकडे बघत म्हणाले, "तुझे थोरले काका माळ्यावरनं पडून गेले न्हवते."

आमच्या घरात या काकांचा फोटो होता, पागोटं घातलेला, कोवळा. रानात झाडावर बांधलेल्या माळ्यावरून तोल जाऊन पडले, असं आम्ही लहानपणापासून ऐकत होतो.

"हाका चालला हुता," आबा म्हणाले. "दादा डावीकडनं आला. कुणालाबी दिसला असता. आमच्या वडलांना दिसला न्हाई. मी तिथंच हुतो. त्यांच्या मागं."

मी खाली बसले. गवत टोचत होतं.

"त्यानंतर ते बंदूक उचलायच्या आधी मला हाक मारायचे. पुढं उभा ऱ्हा म्हणायचे. खांद्यावर हात ठेवायचे. लोक म्हणायचे, काय रुबाब, पोराच्या खांद्यावरनं मारतात. रुबाब कसला? एक पोरगा गेला हुता. दुसरा हाताखाली असला म्हणजे कुठं हाय ते त्यांना कळायचं. एवढंच."

"मला बारा वर्षांची असताना..."

"त्याच साली मला पहिल्यांदा कडंचं दिसंना झालं. तू बांधावर कुठंतरी खेळत हुतीस. मला दिसंना. हाक मारून पुढं घेतली."

इतकी वर्षं मी ज्या जागेला भीत होते ती जागा ही. मला राग यायला हवा होता. आला नाही. दुसरीच एक गोष्ट डोक्यात आली आणि ती बोलल्यावाचून राहवेना.

"आबा, योहानेस कुणाच्या हाताखाली आहे?"

त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळहातांनी सपाट करत राहिले.



गेर्ट पाण्याचा कॅन घेऊन आला. मागून योहानेस. आबा उठून उभे राहिले.

"उद्या मी मारणार नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "माझी मुलगी मारेल. काठ्यांवरून, तुम्ही सांगाल तसं. माझे डोळे अधू आहेत. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं." मग योहानेस कुठे आहे ते शोधायला त्यांनी मान सावकाश फिरवली, तो सापडला, आणि त्याच्याकडे बघत म्हणाले, "मघाशी मी तुझ्यावर बंदूक धरली होती. डुक्कर समजून."

गेर्टने माझ्या हातातून बंदूक घेतली. बोल्ट मागे ओढला. काडतूस उडून गवतात पडलं. त्याने ते शोधलं, पुसलं, खिशात टाकलं.

योहानेसने नवी सिगारेट काढली. काडी पेटेना. दुसरीही पेटेना.

"मला पाच पोरं आहेत, ओउपा," तो म्हणाला.

"होय," आबा म्हणाले. "चुकलो मी."

"उद्या ओउपा कुठे असतील?" योहानेसने गेर्टला विचारलं. आबांना नाही.

"घरी. व्हरांड्यात," गेर्ट म्हणाला.

"मग मी जाईन."

गेर्टने माझ्याकडे वळून विचारलं, "तू जनावरावर कधी गोळी घातली आहेस?"

"नाही."

"पण नेम?"

"नेम आहे," आबा मधेच म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगला."



असं होईल:

तीन काठ्यांवर बंदूक. माझ्या पुढे कुणी नाही. माझ्या खांद्यावर कुणाचा हात नाही. एलंड येईल, पुढच्या पायाच्या मागे, खालच्या बाजूला, मी श्वास सोडीन.

होईल. पहिल्यांदाच हा बेत मनात शेवटपर्यंत गेला.



"काठ्या घ्यायच्या आधी एक काम करू," आबा म्हणाले.

"आता काय?"

"बस इथं." त्यांनी खुर्ची उन्हाकडे पाठ करून ठेवली.

"आबा, उशीर होतोय."

"बस म्हणतोय न्हवं."

त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. त्यात दटावणी नव्हती. मघापासून ते तो कागद बघत होते, हे माझ्या लक्षात आलं. तीन भोकांचा कागद. इतका वेळ कुणी स्वतःचा नेम बघत बसत नाही.

"डॉक्टर म्हणाला हुता, हे बापाकडनं येतंय," आबा म्हणाले. "कुठल्या पोराला येतं, कुठल्याला न्हाई. मी तुला नेमबाजीला घातली ती त्यासाठी. तू पदक घेऊन आलीस की मला वाटायचं, सुटली ही. एवढ्या बारक्या ठिपक्याला नेम लावतीय, म्हणजे हिचं डोळं धड हाईत. इतकी वर्षं मी त्याच्या भरवशावर झोपलो, बाळ." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "आज हे बघितलं. हे माझं. मला शेजारचा माणूस दिसत न्हाई आणि हे माझं."

मी त्यांच्या बोटाखालचा कागद काढून उलटा ठेवला.

"आधी ह्यांचं बघू, म्हणजे तुला कळंल." त्यांनी गेर्टला बसवलं, समोर उभे राहिले, माझ्या नाकाकडे बघा म्हणाले. दोन्ही हात त्याच्या कानांमागे नेले आणि तर्जन्या हलवत हलवत अगदी सावकाश पुढे आणू लागले. हात कानांच्या रेषेत येताहेत न येताहेत तोच गेर्ट म्हणाला, "दिसली. दोन्ही." आणि उठला. त्याला हा पोरखेळ वाटत असावा.

मी बसले.

"माझ्या नाकाकडं बघ. नजर हलवायची न्हाई. बोट हलताना दिसलं की सांग."

"माझे डोळे चांगले आहेत, आबा."

"मग भितीस कशाला?"

मी त्यांच्या नाकाकडे बघू लागले. नाकावर घाम होता, जूनच्या त्या थंडीत. त्यांच्या मागे, सरळ रेषेत, योहानेस उभा होता, त्याच्या मागे ते वारूळ आणि रिकामा खोका. सगळं लख्ख दिसत होतं. योहानेसच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा.

आबांचे हात माझ्या कानांमागे गेले. बाह्यांची कड गालाला लागली.

मी थांबले. गेर्ट थांबला होता त्यापेक्षा जास्त थांबले. वाऱ्याने खोका वाजला. कुठे काही हललं नाही. योहानेस माझ्या तोंडाकडे बघत होता. मग त्याने एकदा माझ्या डाव्या बाजूला बघितलं, एकदा उजव्या, आणि ओठांतली सिगारेट हळूच काढून हातात घेतली.

"आबा," मी म्हणाले, "हलवा की आता."

"कधीचा हलवतोय, बाळ," आबा म्हणाले.